समुद्रात सोडलेला पोहरा

रामकिसनला मी शेवटचा भेटलो तो अंबाजोगाईच्या दवाखान्यात, तो जाण्याच्या चार दिवस आधी. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. डोळे मिटलेले, श्वास वरवरचा, आणि पांघरुणावर ठेवलेला उजवा हात मात्र मधूनच जागा व्हायचा. मूठ अर्धी मिटायची, मनगट एकदा डावीकडे झटकायचं, एकदा उजवीकडे, आणि हात पुन्हा पडून राहायचा. सिस्टरला वाटलं, पेशंट सलाइनची नळी ओढतोय. तिने मला हात धरून बसायला सांगितलं. मी धरून बसलो. माझ्या पंजात अडकलेलं ते मनगट तरीही तेच करत राहिलं... डावीकडे, उजवीकडे. तो काय करतोय हे त्या वॉर्डात मला एकट्याला कळत होतं आणि कळत नसतं तर बरं झालं असतं. तासाभराने त्याने डोळे उघडले, मला ओळखलं आणि विचारलं, “शिवा, आलं का बे काही?” गेली कित्येक वर्षं प्रत्येक भेटीत त्याने हाच प्रश्न विचारला होता. समुद्रकाठच्या एका मच्छीमार संस्थेकडून त्याला पत्राचं उत्तर यायचं होतं आणि ते आमच्या दूध संस्थेच्या पत्त्यावर यायचं होतं. मी नेहमीचंच सांगितलं, न्हाई. त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. चौथ्या दिवशी सकाळी मी संस्थेत दुधाचे कॅन मोजून घेत होतो तेव्हा कुसुमवहिनींचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, गेले.”

आमचं गाव नांदूरघाटच्या पलीकडे, माळावरचं. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं, रामकिसनचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की त्यांची बैलगाडी निघायची ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची, आणि तेवढे महिने रामकिसन आमच्या घरी असायचा. माझी आई दोघांना एकाच परातीत भाकरी वाढायची आणि तो माझ्या वाट्याचा ठेचाही संपवायचा. त्याच्यावर एकच काम होतं, आडाचं पाणी. ज्यांनी आडाचं पाणी कधी शेंदलं नाही त्यांना सांगायला हवं, पोहरा सोडला की लगेच बुडवायचा नसतो. आडाच्या पाण्यावर धूळ, पाला, मेलेले किडे यांचा पातळ तवंग असतो. पोहरा पाण्याला टेकला की दोराला दोन झटके द्यायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. तवंग बाजूला सरकतो, मधे पाणी मोकळं होतं, तिथे पोहरा बुडवायचा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आमच्याकडे चालायला येतं तसं हे हाताला येतं. रामकिसनच्या हाताला ते फारच छान आलं होतं. त्याच्या घागरीत कधी काडी निघाली नाही, आणि माझ्या घागरीत बेडूक निघाला होता ही गोष्ट तो माझ्या लग्नातसुद्धा माझ्या सासऱ्यांना सांगून आला.

पुढे तो अंबाजोगाईला कॉलेजात गेला, रसायनशास्त्र घेऊन पास झाला आणि समुद्रातून तेल काढणाऱ्या एका कंपनीत लॅबमध्ये लागला. गावाला हे प्रकरण शेवटपर्यंत नीट समजलं नाही. कुणी म्हणायचं तो जहाजावर आहे, कुणी म्हणायचं पाणबुडीत. किनारा दिसत नाही इतक्या आत समुद्रात लोखंडी पायांवर उभा असलेला एक कारखाना, तिथे हेलिकॉप्टरने जायचं, चौदा दिवस काम करायचं आणि चौदा दिवस गावी यायचं, हे मी त्याच्या वतीने निदान शंभर जणांना समजावलं असेल. त्याला पोहता येत नव्हतं. आमच्या गावात कुणालाच येत नाही, पोहायला काही असावं लागतं. पहिल्या सुट्टीत तो आला तेव्हा दुकानाच्या फळीवर बसून त्याने मला जे सांगितलं ते ऐकून मी हसलो होतो. तो हसत नव्हता. म्हणाला, “आपल्याकडं बोअर मारली की धूळ निघती. तिथं तेल मागितलं तर पाणी निघतंय. तेलापेक्षा जास्त पाणी, शिवा. अन् ते समदं फेकायचं.” जमिनीच्या पोटातून तेलाबरोबर पाणी वर येतं, ते तेलापासून वेगळं करतात, साफ करतात आणि समुद्रात सोडतात. खारट, कशाच्याही कामाचं नाही ते पाणी. पण रात्रंदिवस पाणी सोडून देणारा तो पाइप बघून त्याला पहिले काही दिवस जेवण जात नव्हतं.

त्या पाण्यात तेल किती राहिलं हे बघायचं काम त्याचं होतं. पाइपच्या तोटीतून नमुना घ्यायचा आणि प्लॅटफॉर्मच्या भोवतीच्या समुद्रातूनही घ्यायचा. तोटीचा नमुना ठरल्या वेळी घेतात, आणि साफ करणारं यंत्र मधल्या वेळात बिघडलं तर तोटीवर ते कळेलच असं नसतं. सुटलेलं तेल मग समुद्रावर दिसतं, तवंग होऊन. म्हणून समुद्राचा नमुना महत्त्वाचा. हवा बरी असेल तेव्हा खालच्या मजल्यावरून दोराला बांधलेली बादली समुद्रात सोडायची, भरून वर ओढायची, बाटलीत भरून लॅबला न्यायची. हे काम तिथल्या शहरी मंडळींना जमत नसे. बादली वाऱ्याने हेलकावे खायची, अर्धी सांडायची. रामकिसनने पहिल्याच दिवशी एका दमात भरलेली बादली वर आणली तेव्हा साहेबाने त्याची पाठ थोपटली आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला बादली कशी सोडायची ते त्यानेच शिकवायचं असं ठरून गेलं. ही गोष्ट तो फार अभिमानाने सांगायचा. त्याच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत, मोत्यासारखं अक्षर. तक्त्यावरचा एक आकडा कधी खोडलेला नाही. तो खोटं लिहिणाऱ्यातला नव्हता, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

काही वर्षांनी किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातल्या मच्छीमार सहकारी संस्थेने तक्रार केली. जाळ्यांना तेल लागतंय, मासळीला रॉकेलसारखा वास येतोय, गिऱ्हाईक मासळी परत आणून देतंय. कंपनीने बैठक बोलावली आणि रामकिसनला बरोबर नेलं, कारण तक्ते त्याचे होते आणि त्याला ते मराठीत समजावून सांगता येत होते. त्याने समजावून सांगितले. समुद्राचं पाणी आम्ही वरचेवर तपासतो, ते स्वच्छ आहे, तेल एखाद्या जाणाऱ्या जहाजाचं असेल. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. बैठक संपत आली तेव्हा संस्थेच्या संचालक असलेल्या हिरूबाई नावाच्या एक बाई उठून टेबलापाशी आल्या, त्यांनी आपला तळहात त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणाल्या, “यो हात हुंगून बघ, साहेब. सकाळधरना तीनदा साबणानं धुतलाय.” सगळे बघत होते. त्याने हुंगला. त्याला कसलाच वास आला नाही. तसं त्याने सांगितलं, बाई जागेवर जाऊन बसल्या आणि तक्रार तिथेच मिटली. सुट्टीवर आल्यावर ही हकिकत त्याने मला सांगितली, पण तो थोडा अस्वस्थ होता. चौदा चौदा दिवस त्याच वासात राहणाऱ्या माणसाच्या नाकाला तो वास येईलच कसा, असं त्याला परतीच्या गाडीत सुचलं होतं. मी म्हणालो, तू उगाच डोकं खातोस, तक्ता काय नाकाने भरतात काय? त्यालाही ते पटलं.

मग तो दुष्काळ आला. त्याचं वर्णन करत बसत नाही, बीडच्या वाचकाला ते सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून समजत नाही. मी तेव्हा दूध संस्थेचा सचिव होतो, आजही आहे. सभासदांची जनावरं डोळ्यांदेखत खंगत होती. लोक संस्थेच्या ओट्यावर येऊन नुसते बसायचे, काही मागायचे नाहीत, आणि ते जास्त जिवावर यायचं. मी रामकिसनच्या मागे लागलो. तुझ्या कंपनीकडे सामाजिक जबाबदारीचा निधी असतो असं पेपरात येतं, तो काय फक्त फोटो काढायला असतो काय? तो म्हणाला, तो निधी किनाऱ्यावरच्या गावांसाठी आहे, ज्यांच्या समुद्रात आम्ही बसलोय त्यांच्यासाठी. मी म्हणालो, त्यांच्या दारात समुद्र आहे बे, आमच्या दारात काय आहे? माझं तोंड हे असं. त्याने मुंबईच्या ऑफिसात हेलपाटे घातले, साहेबांच्या हातापाया पडला आणि आमच्या संस्थेच्या नावाने चारा छावणी मंजूर करून आणली. चारा आणि जनावरांच्या पाण्याच्या टाक्या, पाऊस पडेपर्यंत. पहिला हप्ता आला त्या दिवशी मी त्याला ओट्यावर उभं करून नारळ दिला. पुढचा हप्ता कंपनीचे लोक येऊन छावणी बघून गेल्यावर मिळणार होता.

त्याच सुट्टीतली गोष्ट. प्यायच्या पाण्याचा टँकर आडात रिकामा करायचे आणि मग लोक शेंदून घ्यायचे. आडाभोवती ही गर्दी. कुसुमवहिनींना ताप होता म्हणून रामकिसन स्वतः घागर घेऊन आला होता. मी रांग लावायला म्हणून काठी घेऊन उभा होतो, माझं कुणी ऐकत नव्हतं. त्याचा नंबर आला, त्याने पोहरा सोडला. पोहरा पाण्याला टेकला, त्याने डावीकडे एक झटका दिला, उजवीकडे एक... आणि तसाच उभा राहिला. खाली बघत. मागच्या बाया ओरडायला लागल्या. त्याच्या हातातून दोर सुटला आणि पोहऱ्यासकट आडात गेला. गर्दीत कुणीतरी शिवी दिली. तो वळून माझ्याकडे आला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही, माणसाला आपलंच प्रेत दिसावं तसा. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, “शिवा, मी तिथं बी असंच करतो बे.”

मला आधी काही कळलंच नाही. संस्थेच्या खोलीत बसवून पाणी दिलं तेव्हा त्याने नीट सांगितलं. समुद्रात बादली सोडली की तो दोन झटके द्यायचा. कधीच लक्षात आलं नव्हतं, हातच ते करत होता. जो मोजायला त्याला तिथे ठेवलं होतं तोच तवंग तो हाताने बाजूला सारत होता आणि खालचं स्वच्छ पाणी भरून आणत होता. पहिल्या दिवसापासून. आणि प्रत्येक नव्या माणसाला त्याने तसंच शिकवलं होतं, त्यामुळे तो सुट्टीवर असतानाही तक्ते स्वच्छच निघत होते. मग तो एकदम म्हणाला, “त्या बाईच्या हाताला वास होता, शिवा.”

त्याने सुट्टी मोडली आणि तो कामावर गेला. साहेबाला सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नसावा. त्याने ऐकून घेतलं, नमुना घ्यायची पद्धत त्याच आठवड्यात बदलली. नव्या नमुन्यांत काही दिवस तेल निघालं, काही दिवस नाही, त्यावरून यंत्रातला दोष सापडला आणि तो दुरुस्तही झाला. म्हणजे पुढचा समुद्र त्याने वाचवला असं म्हणता येईल. मी त्याला तसं अनेकदा म्हणालो. पण जुन्या तक्त्यांचं काय, असं त्याने विचारलं तेव्हा साहेब म्हणाला, ते फायलीत गेले, मिटलेली तक्रार उकरून कुणाचं भलं होणार आहे? रामकिसनला ते पटलं नाही. पुढच्या सुट्टीच्या शेवटी तो संस्थेत आला, माझ्यासमोर बसला आणि त्याने त्या मच्छीमार संस्थेला पत्र लिहिलं. दोन पानं. मी अमुक, तक्ते माझे, चूक अशी झाली, तुमचं म्हणणं खरं होतं, तुमची तक्रार पुन्हा उघडायला हे पत्र वापरा, मी कुठेही येऊन सांगायला तयार आहे. खाली तारीख आणि सही. उत्तरासाठी पत्ता आमच्या संस्थेचा, कारण वहिनींना तो काळजीत टाकायला तयार नव्हता आणि कंपनीत टपाल नको होतं. मी म्हणालो, एवढं आहे तर तूच जाऊन ये ना. तो म्हणाला, “बोलावलं तर जाईन. न बोलावता कोणत्या तोंडानं जाऊ?” दुसऱ्या दिवशी त्याला निघायचं होतं. पत्र माझ्या हातात देऊन म्हणाला, भाषा एकदा बघ आणि केजला जाशील तेव्हा रजिस्टरने टाक.

आता मला जे लिहायचं आहे ते मी गेले कित्येक दिवस लिहायचं टाळतोय. वरचा मजकूरसुद्धा त्यासाठीच लांबवला की काय असं वाटतं... ते पत्र मी टाकलं नाही. कंपनीचे लोक छावणी बघायला पुढच्या आठवड्यात येणार होते. छावणीत साडेतीनशे जनावरं दावणीला होती आणि चारा दहा दिवसांचा होता. हे पत्र कोळीवाड्यात पोचलं, तिथून पेपरात गेलं, तर ज्या माणसाच्या शब्दावर आम्हाला छावणी मिळाली त्याची नोकरी जाईल आणि छावणीही जाईल, असा मी हिशेब केला. तो चुकीचा होता असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. ठरवलं, छावणी संपली की टाकू. चार महिन्यांची तर गोष्ट. पत्र कपाटात सभासदांच्या अर्जांखाली ठेवलं. कंपनीचे लोक आले, छावणी बघून खूश झाले, गाईला चारा घालताना त्यांनी फोटो काढले. पुढच्या सुट्टीत रामकिसनने विचारलं, टाकलंस? मी म्हणालो, टाकलं. तो शब्द तोंडातून इतक्या सहज गेला की माझं मलाच नवल वाटलं. मग पाऊस झाला, छावणी उठली, जनावरं घरोघर गेली. आणि तेव्हा पत्र टाकायचं म्हटलं तर टाकलं म्हणून सांगून बसलेलो. आज टाकावं तर त्याच्या तारखेचं काय, उत्तरात त्यांनी उशिराचं विचारलं तर काय... माणूस अशा बारक्या बारक्या भिंती घालत जातो आणि मग आत बसतो.

तो वाट बघत राहिला. पहिलं वर्ष उत्साहाने, मग गप्पपणे. तो मानी होता, त्यामुळे दुसरं पत्र त्याने लिहिलं नाही. तो धरूनच चालला होता की त्या लोकांनी पत्र वाचलं आणि उत्तर द्यायच्या लायकीचा त्याला समजलं नाही. “त्यांचं बी बरोबर हाय,” असं एकदाच म्हणाला. मी त्या वेळी त्याच्याकडे न बघता दुधाचं फॅट तपासत होतो. हळूहळू त्याचं वागणं बदलत गेलं. तर्रीशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे तो भाजीची वाटी समोर घेऊन बसायचा आणि वर आलेल्या तेलाकडे नुसता बघायचा. वहिनी वैतागून तर्री काढून घ्यायला गेल्या तर तो वाटीवर हात धरायचा, काढू नको म्हणायचा, आणि सगळी तर्री आधी पिऊन टाकायचा. साबण लावून हात धुतले की हुंगायचा. माझाही हात एकदा ओढून त्याने हुंगला आणि दूध, दूध म्हणून हसला. गावात नळ आले, आडावर जाळी बसली, पण निवृत्त होऊन आल्यावर तो रोज सकाळी आडाच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहायचा. पोरं त्याला तेलवाले आजोबा म्हणायची. काय बघतोस, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, “काही न्हाई बे, बघतो नुसता.” मी दर खेपेला ठरवायचो, आज सांगू. दवाखान्यातही ठरवूनच गेलो होतो. त्याने विचारलं तेव्हा वॉर्डात चहावाला आला होता, शेजारच्या पलंगाचे पाहुणे बोलत होते... ही कारणं मी लिहितोय आणि माझं मलाच हसू येतंय. मी भ्यालो. साठी उलटलेला माणूस, मरणाऱ्या मित्राला भ्यालो. आता संस्थेच्या दाराची कडी वाजली की मला आधी त्याचाच आवाज येतो, आलं का बे काही.

तेराव्यानंतर मी पत्र घेऊन कुसुमवहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या धान्य निवडत होत्या. ऐकताना त्यांचा हात थांबला नाही. त्यांना पत्राचं ठाऊक होतं, त्याने त्यांना केव्हाच सांगितलं होतं, फक्त ते टाकलं नाही हे ठाऊक नव्हतं. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “कावून, भाऊजी?” मी छावणीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याबी दोन म्हशी होत्या छावणीत. मग म्हणाल्या की पत्र पोचलं पाहिजे, आणि टपालाने नाही.

आम्ही दोघं एसटीने गेलो. वहिनींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. भरती होती. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढं पाणी.” मच्छीमार संस्थेची कचेरी आमच्या संस्थेसारखीच निघाली, तसंच पत्र्याचं कपाट, तसाच अध्यक्षांच्या खुर्चीवर टाकलेला टॉवेल. सचिवाने हिरूबाईंना घरून बोलावून आणलं. बाई खूप म्हाताऱ्या झाल्यात, डोळ्यांना नीट दिसत नाही. आम्ही बीडहून आलो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तिथं समुद्र आहे काय? वहिनी म्हणाल्या, न्हाई. रामकिसन गेला, ही त्याची बायको, एवढं सांगून मी पत्र वाचून दाखवलं. सही, तारीख, सगळं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, पाणी खराब होतं हे आमच्या हातांना माहीतच होतं, त्यासाठी कागद नको होता, कागद साहेब लोकांना दाखवायला हवा होता, तेव्हा. आता निम्मी माणसं धंदा सोडून गेली. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी सचिवाला तारीख पुन्हा वाचायला लावली आणि माझ्याकडे तोंड वळवून विचारलं, “इतकी वरसा यो कागद व्हता कुठं?”

“माझ्या कपाटात,” मी म्हणालो.

का ते मी सांगायला लागलो, पण त्यांना ते ऐकायचं नव्हतं. त्यांनी वहिनींकडे हात लांब केला, वहिनी त्यांच्याजवळ सरकून बसल्या. त्यांनी वहिनींना विचारलं, तो वाट बघत गेला का? वहिनी हो म्हणाल्या. हिरूबाई बराच वेळ त्यांचा हात हातात घेऊन बसल्या. नंतर सचिवाला म्हणाल्या, कागद घे, याला उत्तर लिहायचंय. सचिव घुटमळला, ज्याला लिहायचं तो माणूस तर गेला. बाई म्हणाल्या, “तवा कागद आला असता तर आपुन काय लिवलं असतं, तेच लिव.” आणि त्यांनी सांगितलं ते त्याने संस्थेच्या कागदावर लिहिलं, वर रामकिसनचं नाव घालून. तुमचं पत्र मिळालं. वाचलं. तुम्ही म्हणता ती चूक आम्हाला समजली. सांगायला या. खाली हिरूबाईंनी सही केली, सचिवाने संस्थेचा शिक्का मारला, आणि मूळ पत्र त्यांच्या फायलीत गेलं.

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या, ते उत्तर त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत होतं. गेवराई आलं, उतरून चहा घेतला. बीडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती, गर्दी होती, आणि त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या. मी सवयीने हात पुढे केला. म्हणालो, तो कागद माझ्याकडे द्या, संस्थेत फायलीला लावून ठेवतो, घरी कुठं हरवेल. वहिनी थांबल्या. एवढ्या वर्षांत त्या मला कधी तोडून बोलल्याचं आठवत नाही, त्या दिवशीही आवाज चढवला नाही.

“न्हाई, भाऊजी,” त्या म्हणाल्या, “ह्यो कागद तुमच्यापाशी न्हाई ठेवायचा.”

आणि पिशवी काखेत घट्ट धरून त्या पुढच्या गाडीत चढल्या.